रात्रपाळीचा पहारेकरी झाला संगणकशास्त्राचा डॉक्टर

रात्रपाळीचा पहारा म्हणजे काय असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या कितीतरी घरांतले वडील, काका, मामा, थोरले भाऊ कंपन्यांच्या, बँकांच्या, सोसायट्यांच्या दारांशी रात्र काढतात. हातात काठी आणि बॅटरी, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, डब्यात भाकरी-कालवण आणि डोळ्यांवर झोप. आत जे काही किमती ठेवले असेल त्याची राखण करायची, पण त्याला हात लावायचा नाही, अशी ही नोकरी.

आज आम्ही ज्या विद्यार्थ्याची ओळख करून देत आहोत, त्याचे खरे शिक्षण अशाच एका पहाऱ्यावर सुरू झाले. त्याचे नाव क्लॅरेन्स एलिस. मित्रमंडळी त्याला 'स्किप' म्हणत. अमेरिकेत संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस म्हणून त्याचे नाव इतिहासात नोंदले गेले. ते साल होते १९६९. पण डॉक्टरेटपेक्षा तिथपर्यंतची वाट आम्हाला अधिक मोलाची वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

शिकागोची दक्षिण बाजू

क्लॅरेन्सचा जन्म ११ मे १९४३ रोजी शिकागो शहरात झाला. शहराच्या 'साऊथ साइड' म्हणजे दक्षिण भागात तो वाढला. या भागाचा इतिहास थोडा समजून घेतला पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या शेतांवर राबणारी, पावलोपावली अपमान सोसणारी कृष्णवर्णीय कुटुंबे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मोठ्या संख्येने उत्तरेच्या शहरांकडे निघाली. शिकागोच्या कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत, रेल्वेत त्यांना काम मिळाले. पण गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळेना. गोरे घरमालक आपसांत लेखी करार करून ठेवत, की कृष्णवर्णीयाला घर विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. असे करार सरकारी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तोवर दक्षिण शिकागोच्या चाळी माणसांनी खच्चून भरल्या होत्या.

गाव सोडून गिरणीच्या आशेने मुंबईला आलेल्या आणि तिथेही 'तुमचे आडनाव काय?' या प्रश्नावर खोली नाकारली गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना ही गोष्ट वेगळी वाटली नसती. म्हणूनच १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा तिचे नाव त्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे त्यांनी केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. दोन समाजांमधली ही ओळख जुनी आहे.

क्लॅरेन्स धरून पाच भावंडे आणि त्यांना वाढवणारी एकटी आई. तिचे नाव अ‍ॅना एलिस. घरात पैशाची ओढाताण कायमची. मोठी होत चाललेली मुले अशा घरात काय करतात, ते आपण जाणतोच. काहीतरी काम शोधतात. क्लॅरेन्सनेही तेच केले.

हात लावू नको, नुसती राखण कर

साल १९५८. क्लॅरेन्स पंधरा वर्षांचा होता. एका स्थानिक कंपनीत रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची जागा निघाली. ऐन मध्यरात्रीची ती पाळी कोणालाच नको होती, त्यामुळे अर्ज एकच आला, क्लॅरेन्सचा. काम मिळाले. चोर-दरोडेखोर आत येणार नाहीत हे पाहायचे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीने नव्याने आणलेल्या संगणकावर लक्ष ठेवायचे. लक्ष ठेवायचे, हात मात्र लावायचा नाही.

त्या काळचा संगणक म्हणजे आजच्यासारखा मांडीवर मावणारा डबा नव्हे. जुन्या रेडिओत दिव्यासारखे तापणारे व्हॉल्व्ह असत, ते आमच्या वयस्क वाचकांना आठवत असतील. तसे २४०० व्हॉल्व्ह या यंत्रात होते. त्याला माहिती द्यायची ती भोके पाडलेल्या कार्डांवरून. जाड कागदाच्या कार्डावर ठरावीक जागी भोक पाडले की एक अक्षर किंवा आकडा. अशी कार्डे एकामागून एक यंत्रात घालायची.

रात्र मोठी होती आणि काम थोडे. यंत्राशेजारी त्याच्या माहितीची जाडजूड पुस्तके ठेवलेली होती. यंत्राला हात लावायला मनाई होती, पुस्तकाला नव्हती. क्लॅरेन्सने ती वाचायला घेतली. कोणी सांगितले नव्हते, परीक्षा नव्हती, गुण मिळणार नव्हते. जागे राहायचेच आहे तर वाचू, एवढ्यावर सुरुवात झाली आणि मग गोडी लागली. एक पुस्तक संपले की दुसरे. समजले नाही तर पुन्हा पहिल्या पानापासून.

काही आठवडे गेले आणि कंपनीत एक पेच उभा राहिला. तातडीचे काम होते आणि कोरी कार्डे संपली होती. जुनी, आधीच भोके पडलेली कार्डे मात्र भरपूर होती. ती पुन्हा कशी वापरावीत हे कोणाला माहीत नव्हते. यंत्रात अशी व्यवस्था असते, की आलेल्या माहितीतली भोके सम आहेत की विषम, हे ते मोजून पाहते आणि हिशोब जुळला नाही तर ती माहिती नाकारते. जुन्या कार्डावर नवी भोके पाडली की हा हिशोब चुकणार आणि यंत्र अडणार. ही तपासणी बंद कशी करायची ते पुस्तकात लिहिलेले होते. पण पुस्तक वाचले होते फक्त रात्रीच्या पहारेकऱ्याने! क्लॅरेन्सने यंत्राची मांडणी बदलून दाखवली, जुनी कार्डे चालू लागली आणि कंपनीचे काम निभावले. त्या दिवसापासून 'हात लावू नको' हा हुकूम संपला. यंत्र चालवायला, अडले तर पाहायला त्यालाच बोलावू लागले.

आम्हाला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यंत्राची मालकी कंपनीकडे होती, पगार साहेबांना मिळत होता, पण ज्ञान त्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे होते. ते ज्ञान कुलपात नव्हते; उघड्या फडताळावर ठेवलेले होते. साहेबांना त्याची गरज वाटली नाही, त्याला वाटली.

कॉलेजातले पहिले वर्ष

शाळेतल्या शिक्षकांच्याही ध्यानात आले होते, की हा मुलगा वेगळा आहे. शिकागोतल्या विद्यापीठांत उन्हाळी सुटीत वर्ग चालत, तिथे जाण्याची शिफारस त्यांनी केली. कॉलेज म्हणजे काय, तिथली मुले कशी राहतात, काय वाचतात, हे क्लॅरेन्सने तिथे प्रथम पाहिले. पाहिले म्हणून इच्छा झाली. घरात ज्याने कॉलेज पाहिलेले नाही, त्या मुलाला कॉलेजची पायरी एकदा तरी चढून दाखवावी लागते. हे काम शिक्षकांनी केले.

१९६० साली शाळा संपली आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने क्लॅरेन्स विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट कॉलेजात दाखल झाला. कॉलेजात बहुतेक सगळे गोरे. भाषा तीच, पण बोलण्याची रीत वेगळी, कपडे वेगळे, खिशातले पैसे वेगळे. शिवाय दक्षिण शिकागोच्या शाळेत जे शिकवले गेले होते ते या वर्गांना पुरेसे नव्हते. इतर मुले जिथून धाव सुरू करत होती, तिथपर्यंत पोहोचायलाच त्याला धावावे लागत होते. पहिले वर्ष फार कठीण गेले.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे आम्ही क्षणभर थांबणार आहोत. कारण आपली मुले-मुलीही आता अभियांत्रिकीला, मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांत, नामवंत संस्थांत जात आहेत. आनंदाची गोष्ट आहे. वस्तीत पेढे वाटले जातात, सत्कार होतात, फलक लागतात. आणि चार महिन्यांनी मुलगा फोनवर नीट बोलत नाही. मुलगी म्हणते, 'बरं आहे,' आणि फोन ठेवते. पहिल्या परीक्षेत दोन विषय राहिलेले असतात. वर्गातल्या मुलांनी गुण आणि आरक्षण यांवरून टोमणे मारलेले असतात. घरी सांगावे तर आई-वडिलांनी कर्ज काढलेले. सांगणार कसे?

अशा वेळी 'आम्ही तुझ्यासाठी एवढे केले आणि तू असे दिवे लावलेस' हे वाक्य घरातून जाऊ नये. पहिले वर्ष जड जाणे हा बुद्धीचा दोष नसतो. आधीच्या शाळेत जे मिळाले नाही ते भरून काढायला लागणारा तो वेळ असतो. दर आठवड्याला ठरल्या दिवशी फोन करावा. गुणांच्या आधी जेवणाची, झोपेची, मित्रांची चौकशी करावी. वरच्या वर्गात आपल्यापैकी कोणी शिकत असेल तर गाठ घालून द्यावी. मुलगा फारच गप्प झाला, जेवेनासा झाला तर कामावर रजा टाकून स्वतः जाऊन यावे. एक दिवसाचा पगार बुडाला तर बुडू द्यावा. आणि गरज वाटली तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लाजू नये.

क्लॅरेन्स टिकला. त्याच्या तिसऱ्या वर्षात कॉलेजला एक संगणक देणगीदाखल मिळाला, आयबीएम १६२०. हे यंत्र मोठे गमतीचे होते. बेरीज आणि गुणाकार करण्याची वेगळी यंत्रणा त्यात नव्हती. शाळेतल्या पोराने पाढे पाठ करावेत तशी कोष्टके त्याच्या स्मरणात भरावी लागत आणि ती पाहून ते उत्तर देई. हे यंत्र बसवायचे, चालू करायचे काम रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे आणि क्लॅरेन्सकडे आले. त्यातून कॉलेजची संगणक प्रयोगशाळा उभी राहिली. पहिल्या वर्षी जो मुलगा वर्गात एका बाजूला पडला होता, त्याच्याकडे आता इतर विद्यार्थी यंत्राविषयी विचारायला येऊ लागले. १९६४ साली गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन तो पदवीधर झाला. वांशिक भेदभावाला बंदी घालणारा अमेरिकेचा नागरी हक्क कायदा झाला, तेही हेच साल.

संशोधनाची आवड

पुढे क्लॅरेन्स इलिनॉय विद्यापीठात गेला. तिथे त्या काळी 'इलियॅक-४' नावाच्या महासंगणकाची जुळवाजुळव चालली होती. साधा संगणक एका वेळी एकच हिशोब करतो. या यंत्रात मात्र ६४ गणनयंत्रे एकाच हुकमावर, पण वेगवेगळ्या आकड्यांवर, एकदम काम करणार होती. कवायतीत पलटण जशी एका आज्ञेवर पाऊल उचलते, तसे. क्लॅरेन्सने त्या प्रकल्पातही काम केले.

प्रबंधाचा विषय मात्र कागद-पेन्सिलीचा होता. एक काल्पनिक यंत्र घ्या. ते एका अवस्थेत असताना एक अक्षर वाचते आणि दुसऱ्या अवस्थेत जाते. कोणत्या अवस्थेत जायचे हे साध्या यंत्रात ठरलेले असते. पण ते ठरलेले नसेल, इकडे जाण्याची शक्यता इतकी आणि तिकडे जाण्याची तितकी, असे असेल तर? नाणेफेकीसारखे संभाव्यतेवर चालणारे असे यंत्र कोणती भाषा ओळखू शकेल? या प्रश्नाच्या अभ्यासावर १९६९ साली क्लॅरेन्सला पीएच.डी. मिळाली. आदल्याच वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता आणि शिकागोसह अनेक शहरांत आगडोंब उसळला होता. त्या दिवसांत हा तरुण आपला प्रबंध पुरा करीत होता.

यापुढे आम्ही त्यांना अहो-जाहो करतो. डॉ. एलिस प्रथम बेल प्रयोगशाळेत गेले. १९७२ साली कोलोरॅडो विद्यापीठात अध्यापक झाले. मग कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी कार्यालयीन कामकाजाचा अभ्यास केला. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा जातो, कुठे अडतो, हीच कामे संगणकाच्या पडद्यावर आणि तारेने जोडलेल्या यंत्रांमधून कशी होतील, याचे संशोधन केले. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे समजावून द्यायला नको.

एक यादी, दोन हात

त्यांचे सर्वांत गाजलेले काम पुढचे आहे आणि ते आज आपल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत पोहोचलेले आहे. कॉलेजात तीन मुली मिळून एकच अहवाल लिहितात. एक धारावीत, एक कल्याणला, एक नागपूरला. सगळ्या एकाच वेळी त्याच पानावर लिहीत असतात आणि तरी गोंधळ होत नाही. का होत नाही, ते एका साध्या उदाहरणाने पाहू.

समजा वस्तीच्या सहलीची पाच नावांची यादी आहे. तिची एक प्रत मुंबईत ताईकडे, एक नागपुरात भाऊकडे. ताईने दुसऱ्या क्रमांकावर एक नवे नाव घातले. म्हणजे तिच्याकडे जुने दुसरे नाव तिसरे झाले, तिसरे चौथे आणि चौथे पाचवे. नेमक्या त्याच क्षणी भाऊने आपल्या प्रतीतले चौथे नाव खोडले आणि ताईला निरोप धाडला, 'चौथे नाव खोड.' ताईने तो तसाच्या तसा पाळला तर भलत्याच माणसाचे नाव जाईल, कारण तिच्याकडे चौथ्या जागी आता जुने तिसरे नाव आहे. बिचारा माणूस पिशवी भरून उभा आणि यादीत नाव नाही!

जुना उपाय असा, की ताई लिहीत असताना भाऊने हात बांधून बसायचे. डॉ. एलिस आणि त्यांचे सहकारी सायमन गिब्ज यांनी १९८९ साली वेगळा उपाय मांडला. कोणालाही थांबवायचे नाही. दोघांनाही लिहू द्यायचे. मात्र दुसऱ्याचा निरोप आला की आपण दरम्यान काय बदल केले ते पाहून निरोप सुधारून घ्यायचा. वर एक नाव वाढले आहे, म्हणून 'चौथे खोड' याचे 'पाचवे खोड' करायचे. तिकडे भाऊकडे ताईचा निरोप येतो, 'दुसऱ्या जागी नवे नाव घाल.' खोडलेले नाव त्याच्या खाली होते, म्हणून तो निरोप आहे तसाच राहतो. शेवटी दोघांच्या याद्या अक्षरशः एकसारख्या होतात. या पद्धतीतल्या उणिवा पुढे इतर संशोधकांनी शोधल्या, सुधारल्या, आणि गूगल डॉक्ससारख्या सोयींमध्ये हीच कल्पना वापरली गेली.

कोणाचाही हात न अडवता सगळ्यांनी मिळून लिहायचे आणि कोणाचेही नाव चुकून पुसले जाऊ द्यायचे नाही. ज्याच्या समाजाची नावे पिढ्यान्‌पिढ्या याद्यांतून वगळली गेली, त्याने या कोड्यावर डोके चालवावे, ही आम्हाला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते.

छंद म्हणजे काय?

नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत आपल्या मुलांना हमखास एक प्रश्न येतो, 'तुमचे छंद कोणते?' चांगल्या घरची मुले सांगतात पियानो, पोहणे, प्रवास. आपली मुले गप्प बसतात किंवा 'वाचन' असे पुटपुटतात. त्यांना वाटते, आपल्याला कुठला छंद? शाळा सुटली की पाणी भरायचे, धाकट्यांना सांभाळायचे, सुटीत कामाला जायचे.

क्लॅरेन्सकडेही पैशाने विकत घ्यावा असा छंद नव्हता. मध्यरात्री कोणी वाचत नसलेली यंत्राची पुस्तके वाचणे, हाच त्याचा छंद. बिघडलेला मिक्सर उघडून पाहणारा मुलगा, मोबाइलची घडण बारकाईने पाहणारी मुलगी, रद्दीतून इंग्रजी पुस्तक उचलून शब्दकोश घेऊन बसणारे पोर, हे सगळे छंदच आहेत. घरात असे कोणी असेल तर 'उगाच मोडतोड करू नकोस' म्हणण्याआधी दोन मिनिटे पाहावे. विजेच्या वस्तूचा प्लग काढलेला आहे ना, एवढी खात्री मात्र करून घ्यावी.

आणि एक सावधगिरीचा शब्द. ही गोष्ट वाचून कोणी असे समजू नये, की नुसती जिद्द असली की झाले. क्लॅरेन्सची जिद्द होतीच, पण पाच मुलांना एकटीने वाढवणारी आई होती, शिफारस करणारे शिक्षक होते, शिष्यवृत्ती होती, बरोबरीने काम करू देणारे प्राध्यापक होते. यातला एक दुवा तुटला असता तर तो पहारेकरीच राहिला असता. म्हणून मुलाला जिद्द शिकवताना आपण आपले दुवे घट्ट ठेवावेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून एका पिशवीत नीट ठेवावा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी. शाळेतल्या शिक्षकांना वर्षातून दोनदा तरी भेटावे. विहारात किंवा समाजमंदिरात एखादा चालता संगणक असेल तर त्याला कुलूप लावून ठेवू नये. मुलांना बसू द्यावे.

डॉ. एलिस यांना १९९७ साली संगणकशास्त्रज्ञांच्या जगप्रसिद्ध 'एसीएम' या संस्थेची फेलो ही पदवी मिळाली. उतारवयात, निवृत्तीनंतर, ते आफ्रिकेतल्या घाना देशात जाऊन अशेसी विद्यापीठात शिकवत होते. १७ मे २०१४ रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपण कसे असावे याचे चित्र दुसऱ्यांनीच रंगवून ठेवले होते, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी पुढे रेटत राहायला सांगतो, अशा आशयाचे ते बोलत.

आज रात्रीही आपल्यापैकी कोणीतरी एखाद्या संगणक कंपनीच्या दारात खुर्ची टाकून बसला असेल. काचेपलीकडे यंत्रे चालू असतील. सकाळी पाळी सुटून तो घरी येईल, तेव्हा त्याची मुलगी दप्तर भरत असेल. तिला त्याने ही गोष्ट जरूर सांगावी.